एडिनबराची खोली

स्लाऊ, ऑक्टोबर १९९४

ती. वसुधाताईस नमस्कार,

मी बरा आहे. आईचा गुडघा आता कसा आहे?

गॅरेथ आणि मी सुट्टीला एडिनबराला गेलो होतो. खोली फोनवरून ठरवली होती. दारात आम्हा दोघांना पाहून मालकीणबाई म्हणाल्या, "दोन पुरुष आणि एक बेड? माझ्या धर्मात हे पाप आहे. माझ्या घरात चालणार नाही." गॅरेथनं बॅगा उचलल्या आणि तो चालू लागला.

परत आल्यावर वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "रंगावरून नाकारलं असतं, तर खटला भरता आला असता. यासाठी कायदाच नाही." म्हणजे माझ्या कातडीला इथे संरक्षण आहे, माझ्या संसाराला नाही.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिथला किल्ला फार सुंदर आहे, एवढंच सांग.

डिसेंबरात आम्ही दोघं पुण्याला यायचं म्हणतोय. मागच्या वेळी शेजारपाजाऱ्यांच्या भीतीनं तू गॅरेथचं अंथरूण हॉलमध्ये घातलंस. तेव्हा मी हसून सोडून दिलं. या वेळी आधीच विचारतो, आम्हाला एक खोली देशील? जमणार नसेल, तर तसं स्पष्ट लिही. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

तुझाच,
श्रीरंग