खाली ठेवलेली कॉफी

करक, ९ ऑक्टोबर

प्रिय तग्रीद,

तू आणि मुलं खुशाल असाल. इथे सगळे बरे आहेत. फव्वाजचा गुडघा दुखतो, तरी रोज गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीत डोकावल्याशिवाय माझ्या या नवऱ्याला चैन पडत नाही. ऑलिव्ह उतरवायला अजून पंधरा दिवस आहेत.

अकरा वर्षांत ईदच्या दोन ओळींपलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, म्हणून हे पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही.

बातमी अशी की चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात जायला लागले. समाजकार्याच्या पदवीचं पहिलं वर्ष. सकाळी शाळेत इतिहास शिकवते, दुपारी स्वतः बाकावर बसते. पहिल्या दिवशी मला बघून अख्खा वर्ग उठून उभा राहिला. म्हटलं, "बसा गं, मीही तुमच्यासारखीच नापास होणारे."

पहिलंच काम : मी या वाटेला का आले, यावर दोन पानं. ती पटली तरच पुढे वस्तीत कामाला पाठवतात. मी लोकांची सेवा वगैरे लिहिलं. बाईंनी परत दिलं. "हे तीस जणींनी लिहिलंय, मयसून. तुमचं लिहा." महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

मंगळवारी खिताम नावाच्या जुन्या कार्यकर्तीबरोबर एका घरी नुसतं बघायला गेले. अबू धियाब, वय ऐंशी, बायको अंथरुणाला खिळलेली. तिला चाकांची खुर्ची द्यायची होती. म्हाताऱ्याने कॉफी ओतली. कुणाच्या घरी काही घ्यायचं नाही, असं वर्गात बजावलेलं. मी शहाण्यासारखा पेला खाली ठेवला. जन्म इथे गेला, तरी डोकं कुठे होतं कोण जाणे.

म्हातारा ताठ बसला. "बोल पोरी, काय मागायला आलीस?"

"काही नाही, काका."

"काही नाही कसं? मागणं असल्याशिवाय कुणी कॉफी खाली ठेवतं का? पी. मागशील ते दिलं."

खितामने कोपर मारलं. "पी गं बाई, नाहीतर शेळी बांधून देतील बरोबर!"

आतून म्हातारी ओरडली, "शेळी नको हं! न्यायचंच तर यांना न्या!"

मी प्यायले. सगळे हसलो. बाहेर आल्यावर मात्र तू आठवलीस.

तग्रीद, अकरा वर्षांपूर्वी तू आमच्या बैठकीच्या खोलीत अशीच बसली होतीस. ओठ फुटलेला, मुलगा मांडीवर झोपलेला. तू कॉफी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. तुला आमच्याकडे राहायचंय, हे मला कळलं होतं. फव्वाज नको म्हणाला असता, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी त्याला विचारलंच नाही. "निवली वाटतं, दुसरी आणते," म्हणाले आणि ती ओतून टाकली. परत आले तेव्हा तू चपला घालत होतीस. त्या नवऱ्याच्या घरी तू आणखी चार वर्षं काढलीस.

दोन पानांत लिहिण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. पण ओठ तुझा होता. तू नको म्हणालीस तर लिहिणार नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे. आताही तुझ्याकडून काही घ्यायलाच आले की काय, असं वाटून हे पत्र दोनदा फाडलं.

हो म्हणालीस, तरी माफ केलंस असं धरणार नाही.

सगळं कळूनही काही न विचारलेली
तुझी मोठी बहीण,
मयसून