बॅटरीचं उरकून येतोच

३ जानेवारी
संकल्प: निर्णय झटपट घ्यायचे. लॅबमधून निवृत्त होताना मागून आणलेला जुना व्होल्टमीटर. अचूक मापाचे सगळे आकडे त्याच्या मेमरीत, आणि मेमरी जिवंत ठेवणारी बॅटरी म्हातारी झालेली. ती संपली तर आकडे गेले. बदलताना हात चुकला तरी गेले. रविवारी बदलणार.

५ जानेवारी, रविवार
हवा दमट. अशा हवेत सोल्डरिंग करू नये. कुठे वाचलं ते आठवत नाही.

१९ जानेवारी
मुलीला मुलगा झाला. दोघंही सुखरूप. आमची ही लगेच बॅग भरायला बसली. मीही निघणारच होतो. पण मीटर चालू असला की बॅटरीवर भार येत नाही, म्हणून तो बंद करत नाही. चालू मीटर घरात एकटा कसा सोडायचा? तू हो पुढे, म्हटलं, मी बॅटरीचं उरकून येतोच. ही 'बरं' म्हणाली. पटलं असावं.

२ फेब्रुवारी
लॅबमधल्या मित्राला फोन. म्हणाला, मेमरी टिकवायला तेवढ्यापुरता बाहेरून सप्लाय जोड, जुनी काढ, नवी लाव, चहा निवायच्या आत होतं. त्याने स्वतःच्या मीटरचं तसंच केलंय. पहिल्यापासून उतावळा.

२० फेब्रुवारी
लाइट गेली. मीटरसमोर बसून राहिलो, आयसीयूबाहेर बसतात तसा. लाइट आली. आकडे शाबूत. हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नाही. त्यामुळे वेळ खूप वाचतो. त्याचं काय करायचं ते ठरवतो आहे.

१४ मार्च
मुलीचा फोन. बाबा, बाळाला कधी बघणार? याच आठवड्यात, म्हटलं. मागून जावई काहीतरी बोलले. मुलगी हसली आणि तिने फोन ठेवला.

२० एप्रिल, दुपारी
केलं. तयारी चोख. फक्त बाहेरचा सप्लाय उलटा जोडला गेला. मेमरी साफ. लाल आणि काळी वायर मळून एकसारख्या झाल्या होत्या, त्याला मी काय करणार?

संध्याकाळी
एका अर्थी सुटलो. आता केव्हाही निघता येईल. बॅग काढली.

२१ एप्रिल
हिचा फोन. बाळ मान धरायला लागलं. म्हटलं, बॅटरीचं झालं, पण कपाटातल्या ऑसिलोस्कोपमध्येही तसलीच बॅटरी आहे, तेवढी बघतो. ही म्हणाली, मी उन्हाळाभर इथेच आहे, गॅस नीट बंद करत जा.
मी कधी येणार, ते विचारलं नाही. बरं झालं. तेवढंच टेन्शन कमी.