मेणाचा सांधा

भाद्रपद वद्य १, शके १८६५

आज पुन्हा गंजीत हात घालून पाहिला. वरून गार, पण पोटात कापूस कोमट लागतोय! सासऱ्यांना सांगितलं, तर मामंजी म्हणाले, कापूस आहे, ऊबच देणार, बर्फ थोडाच आहे.

लढाईमुळे रेल्वेचे डबे मिळत नाहीत. म्हणून फाल्गुनापासून सगळा कापूस आतल्या खोलीत तुळईपर्यंत रचून ठेवलाय. त्यात परवाच्या पावसात माळवद गळलं. भिजलेला कापूस आपला आपण तापतो, हे मला ह्यांनीच एकदा सांगितलं होतं. हे सेलूच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्त्री आहेत, त्यांना नाही कळणार तर कुणाला? आणि त्याच खोलीच्या दाराशी आत्याबाईंची खाट. खुबा मोडल्यापासून सासूबाईंना कूससुद्धा बदलता येत नाही. माझी चार वर्षांची मल्ली त्यांच्याच पायथ्याशी झोपते.

ताडकळसचं ऐकल्यापासून घास उतरत नाही. तिथं एका आडत्याच्या घरात असाच कापूस दोन दिवस आतल्या आत धुमसत होता. कुणाला पत्ता नाही! म्हातारा आत होता. आमच्यात माणसाला बसवून माती देतात, अग्नी देत नाहीत. त्याला बसवायला काही उरलंच नव्हतं म्हणे. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "शिवम्मा, मला मातीत बसव गं. जाळात नको."

भाद्रपद वद्य ३, शुक्रवार

सुट्टीचे हे सायकलीवर आले. पाणी प्यायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि नजर वर तुळईकडे गेली. मला जास्तच भीती वाटली.

मग दुपारभर खटपट. जिनात अशी सोय आहे म्हणे. तुळईला तांब्याचा आकडा ठोकला. खाली दुसरा आकडा. दोन्हींच्या मध्ये मेणाचा सांधा, आणि खालच्या आकड्याला मामंजींच्या तराजूचं वजन टांगलं. बरोबर त्याच्याखाली तिवईवर पितळेची परात पालथी. खोली तापली की मेण वितळणार, वजन परातीवर पडणार, आवाज शेजारपाजारपर्यंत जाणार. मी विचारलं, एवढं उंच कशाला? म्हणाले, ऊन हवा आधी वर जाते. चुलीपाशी का नाही? तर तिथं रोजच ऊन, रोजच वाजेल. आणि धुरावर भरवसा नको. आपल्या घरात धूर रोजचाच, कोण उठून बघतंय?

जाताना बजावून गेले. दर सोमवारी दिवा धरून पाहणी करायची, मग मेण मळून सांधा पुन्हा जोडायचा. त्याला काही लावायचं नाही, झाकायचं नाही, टांगायचं नाही. वाजलं की आधी अव्वा (आईला हे अव्वाच म्हणतात) न् मल्ली बाहेर, भांडीकुंडी राहू द्यायची. शेजारच्या लिंबाजींच्याही घरात कापूस आहे. त्यांनी पाहिलं आणि आपल्याकडंही तसंच करून घेतलं.

भाद्रपद वद्य ४

दिवसभर वर पाहून पाहून मान अवघडली.

भाद्रपद वद्य ६, सोमवार

पहिली पाहणी. दुसऱ्या तिवईवर चढून दिवा सांध्याजवळ धरला. मेण पाझरलं — आणि वजन खाली! असा दणका, की दिवा माझ्या हातून पडता पडता राहिला. लिंबाजींची कस्तुराबाई भरली घागर घेऊन धावत आली. तिला सांगितलं, पाहणी होती गं बाई. ती म्हणाली, असू दे, मला बी कळलं आवाज कसा येतो ते. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

भाद्रपद वद्य ९

आज फजिती झाली. भर दुपारी वजन पडलं. मी मल्लीला काखेत मारलं, मामंजी आणि लिंबाजी आत्याबाईंना खाटेसकट बाहेर काढत होते, त्या कळवळून ओरडत होत्या. बाहेर निम्मी गल्ली जमा. आत जाऊन पाहिलं तर जाळ नाही, धूर नाही. नुसत्या भादव्याच्या उन्हानं मेण मऊ पडलेलं!

लोक हसत घरी गेले. मामंजी मात्र चिडले. "घरात माणसं राहायलेत का उंदरं? काढून टाका ते." भित्र्या पाठी ब्रह्मराक्षस, असंही पुटपुटले. माझ्यासाठीच होतं ते. असेन मी भित्री! पण मी ते काढू दिलं नाही. वजन छातीशी धरून दारात बसून राहिले.

भाद्रपद वद्य १०, शुक्रवार

ह्यांनी मेणात राळ मिसळून सांधा घट्ट केला. आता साध्या उन्हाला दाद देणार नाही. लिंबाजींचाही तसाच केला. मी विचारलं, "मग खरंच जाळ झाला, तर उशीर न्हाई ना व्हायचा?" म्हणाले, थोडा होईल, पण वाजेल. तो 'थोडा' माझ्या डोक्यातून जात नाही.

भाद्रपद वद्य १३, सोमवार

दिवा धरून हात भरून आला तेव्हा कुठं सांधा सुटला. पण सुटला. कस्तुराबाई आलीच.

आश्विन शु. ९, खंडेनवमी

घर सारवलं. मामंजींनी तराजू, मापं, अडकित्ता, विळा-कोयता सगळं ओळीनं मांडलं. भस्म लावलं, फुलं वाहिली, प्रत्येकाला लाल दोरा बांधला. आत्याबाई खाटेवरून पाहत होत्या. म्हणाल्या, "ते वरचं बी हत्यारच हाय की. घर राखायलंय. त्याला इसरू नको."

मला भरून आलं. ह्या घरात त्या वजनाला मान देणाऱ्या त्या एकट्याच! दुसऱ्या तिवईवर चढले, भस्माची बोटं ओढली आणि दोरा बांधला. विळ्याला तीन वेढे दिले होते, ह्याला सात दिले, वरच्या आकड्यापासून खालच्यापर्यंत. दोरा पुनवेपर्यंत सोडायचा नाही, अशी आमच्या घरची रीत आहे. खाली उतरून हात जोडले. राख बाबा आम्हाला.

आश्विन शु. १०, दसरा

हे सकाळीच आले. आईला सोनं दिलं, पाया पडले. आतल्या खोलीत जाऊन एक नजर टाकून आले. पुरणपोळी खाल्ली, मल्लीला सायकलीवर गल्लीभर फिरवलं. ऊन उतरायच्या आत परत गेले.

आश्विन शु. १३, सोमवार

आज पाहणी नाही, दोरा आहे ना. गंजीत हात घातला तर मागच्यापेक्षा ऊन लागलं. मामंजींना सांगितलं. ते चक्क म्हणाले, पुनव झाली की माळवदावर पसरून वाळवू. दोनच दिवसांचा प्रश्न. आणि वर वजन आहेच. कित्येक दिवसांनी आज पोटभर जेवले.

आश्विन शु. १५

आत्याबाई गेल्या.

आश्विन वद्य २

लिहून काढते, नाही तर डोकं फुटेल.

चतुर्दशीला दुपारी मल्लीला घेऊन विहिरीवर धुणं धुवायला गेले होते. मामंजी बाजारात. परत येताना माळवदाच्या झरोक्यातून धूर दिसला. मला वाटलं, कस्तुराबाईची चूल! तिला वाटलं माझी. दार उघडलं तेव्हा घर धुरानं भरलेलं. जाळ नव्हताच म्हणा, गंजी आतून लाल झाली होती. लिंबाजी आणि गल्लीतल्या माणसांनी घागरींवर घागरी ओतल्या. आत्याबाईंना बाहेर आणलं तर अंग ऊन होतं, कुठं भाजलेलं नव्हतं. श्वास मात्र नव्हता. कस्तुराबाई छाती पिटत होती. "मी घरातच व्हते गं. वाजलं असतं तर आले नसते का?"

वाजलं नाही.

गर्दी अंगणात असताना मी आत गेले. परात जागच्या जागी. मेणाचे ओघळ तिच्यावर गोठलेले. सांधा केव्हाच वितळून गेला होता. आणि वजन तसंच लोंबत होतं — सात वेढ्यांवर. दोरा नुसता काळवंडला होता. मी तो विळीनं कापला, वजन परातीशेजारी ठेवलं, दोरा कनवटीला खोचला. का केलं असं? कुणी पाहू नये म्हणून. दुसरं काय!

हे दुसऱ्या दिवशी पोचले. आत्याबाईंना मातीत बसवलं. तेवढा शब्द तरी राहिला.

आश्विन वद्य ४

हे जेवत नाहीत. राळ, राळ एवढंच. "मी सांधा घट्ट केला. मीच अव्वाला मारलं." मामंजींनी तोंड फिरवलं. एका शब्दानं मी सांगू शकत होते. भाकरी थापत बसले. दोरा कनवटीलाच आहे, टोचत नाही तरी टोचतो.

आश्विन वद्य ५

लिंबाजींनी त्यांच्याकडचं वजन काढून टाकलं. जे वाजत न्हाई ते कशाला टांगायचं, म्हणाले. त्यांची गंजी आमच्याहून मोठी. तिला टेकून चार लेकरं झोपतात. कापूस बाहेर काढा म्हटलं, तर सुगी उरकल्यावर बघू म्हणतात.

मी हात घालून पाहिला. कोमट आहे.

आश्विन वद्य ६

लोक काय म्हणतील? सासूला सुनेनं मारलं म्हणतील. म्हणू देत! पण हे माझ्याकडं कसं पाहतील? ह्याचीच भीती जाळाहून मोठी झाली. मघाशी कस्तुराबाईचं धाकटं पोर आमच्या अंगणात येऊन मल्लीशी खेळत होतं. उद्या सांगते.

आश्विन वद्य ७

सांगितलं. दोरा ह्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, राळेनं नाही, मी मारलं. तसेच उठून आम्ही दोघं लिंबाजींकडे गेलो आणि सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. ह्यांनी तिथंच बसून मेण मळायला घेतलं. मळता मळता, मान वर न करता म्हणाले, "दसऱ्याला मला दिसला व्हता तो दोरा. पूजेचा दोरा कसा तोडावा, म्हणून गप बसलो."