आत्याआजीने कुठे मरायचं

४ मार्च १९९४
आत्याआजी अंगणात पुन्हा पडली. डॉक्टर म्हणाले, महिना, फार तर दीड. बाबांचा चेहरा उतरला — दुःखाने कसला! ती याच घरात गेली तर काय, ही धास्ती.

दक्षिण चीनमधल्या आमच्या शुन्देची थोर रीत — अंबाडा घालून ‘लग्न करणार नाही’ अशी शपथ घेतलेल्या बाईने माहेरी मरायचं नाही. घराला पीडा लागते म्हणे. सतराव्या वर्षी शपथ घेतली तिने. रेशीम गिरणीत उकळत्या पाण्यातून कोष उपसले, मग सिंगापुरात परक्यांची पोरं वाढवली. त्या कमाईवर हे घर उभं राहिलं. तेव्हा नाही लागली पीडा!

९ मार्च
बाबा शेवटी बोलले. तिला कालव्यापलीकडच्या घरात हलवायचं. तिच्यासारख्या बायका तिथे मरायला जातात. आता दोघीच उरल्यात, दोघी ठार बहिऱ्या. हे सांगताना बाबा वाफवलेला मासा खात होते. गालाचं मांस आधी.

मी म्हटलं, तुमची सख्खी आत्या ना ती?

“म्हणूनच तर. परकी असती तर लोक मला कशाला बोलले असते?”

आई भात वाढत राहिली. तिला तोंड आहे हे ती जेवायला बसली की कळतं.

१० मार्च
आईशी भांडले. पंचवीस वर्षांत एकदा तरी ‘नाही’ म्हणालीस का, विचारलं. म्हणाली, मटार सोल.

१५ मार्च
आत्याआजीला सगळं कळलंय. हसली.

“नवरा नको म्हणून शपथ घेतली गं. भाच्याचं राज्य येईल, हे कुणी सांगितलं नव्हतं.”

मग म्हणाली, तुम्हा पोरींना आता शपथबिपथ लागत नाही ना? नुसतं नको म्हटलं की भागतं?

हो म्हटलं. खोटारडी मी! पुढच्या महिन्यात राइस कुकरच्या कारखान्यातल्या साहेबाच्या मुलापुढे मला बसवणार आहेत, आणि मी त्यासाठी नवा पोशाख शिवायला टाकलाय.

२१ मार्च
आत्याआजीला न्यायला तीनचाकी ठरली. उद्या सकाळी नऊला. बाबांनी पंचांग बघून वेळ काढली. माणूस घराबाहेर काढायलाही मुहूर्त!

२२ मार्च
तीनचाकी आली. आईने बाबांची वळकटी तिच्यात नेऊन ठेवली. म्हणाली, “पीडेची भीती तुम्हाला आहे. तुम्ही धाकट्या भावजींकडे राहा. आत्याबाई इथेच जातील.”

बाबा त्याच तीनचाकीतून गेले. आई दाराला आतून कडी घालायला गेली. कडी अर्ध्यावर अडकली; उरलेली मी सरकवली.