ब्रेक दाबायला दुसरं माणूस लागतं

फेल्डहोवन,
सप्टेंबर २०२१

आदरणीय नंदाआत्यांना मीराचा मनापासून जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? दुसऱ्या लशीनंतर आलेला ताप उतरला असेल, आणि तापातही तुम्ही कॉलनीतल्या मुलांचा गणिताचा तास बुडू दिला नसेल, हे मी न विचारताच धरून चालते. आम्ही इकडे बरे आहोत. (इथल्या डॉक्टरांच्या मते माणूस कायम बराच असतो. फार तर त्याने पॅरासिटामॉल घ्यावी आणि दोन आठवड्यांनी फोन करावा.) आमची सानिका उंच झाली आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमधून येतं, आणि त्यातलं तिचं लाडकं उत्तर म्हणजे 'दात कान निट'. मी नवी आले तेव्हा मला वाटायचं, काय प्रेमळ लोक आहेत, येता-जाता एकमेकांच्या दातांची आणि कानांची चौकशी करतात. त्याचा अर्थ 'ते शक्य नाही' असा होतो, हे मला नगरपालिकेच्या खिडकीसमोर उभं असताना समजलं.

तर आत्या, परवा तुम्ही विचारलंत, त्या फोटोतली निळी, बिनटपाची, बेडकासारखी बसकी गाडी कुठल्या कंपनीची? उत्तर लांबलचक आहे आणि मोबाइलवर अंगठ्याने टाइप करण्याजोगं नाही, म्हणून कागद घेतला. गाडी कुठल्याच कंपनीची नाही. ती आमच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये तयार झाली. याला किट कार म्हणतात. इंग्लंडमधलं एक कुटुंब आपल्या शेडमध्ये लोखंडी सांगाडा आणि फायबरचं अंग बनवून खोक्यांतून पाठवतं, आणि इंजिन, गिअर, चाकांचे दांडे हे सगळं आपण एखाद्या भंगारात निघालेल्या गाडीतून काढून त्यात बसवायचं. त्या जुन्या गाडीला दाता गाडी म्हणतात. आपल्याकडे देहदान करतात तसंच. (पहिला पाना लावण्याआधी मी तिच्यासमोर क्षणभर गप्प उभी राहिले, तर राकेश म्हणाला, "अगं, ती माझदा आहे.")

खोकी मागवली राकेशनेच. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमचं भारतात येणं रद्द झालं, तेव्हा. तो ज्या कंपनीत आहे तिथे केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक झाली तरी बैठक बोलावतात. तो माणूस मार्चपासून आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून बैठका करत होता. वर शर्ट, खाली पायजमा, समोर लॅपटॉप, आणि मी वरणाची फोडणी दिली की त्याच्या तैवानच्या सहकाऱ्यांना तडतड ऐकू जायची. एका संध्याकाळी त्याने कसला तरी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "मीरा, हे अगदी लेगोसारखं आहे." पुरुषमाणूस असं म्हणाला की पुढचं वर्ष आपलं गेलं असं समजावं. खोकी शरद ऋतूत आली. पहिल्याच रविवारी त्याने एक बोल्ट इतक्या तन्मयतेने आवळला की त्याचं डोकं तुटून हातात आलं. दुसऱ्या रविवारी त्याने बोटाला पट्टी बांधून कामाचा रंगीत तक्ता तयार केला. तिसऱ्या रविवारी तक्ता त्याच्या हातात होता आणि पाना माझ्या.

आता माझ्याबद्दल. तुम्ही दादांशी चार दिवस अबोला धरलात म्हणून मला अमरावतीला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला, हे मी विसरलेले नाही. पण त्या डिग्रीचं पुढे काय झालं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. लग्न होऊन इथे आले ती राकेशची अवलंबित म्हणून. सरकारी भाषेत तसंच म्हणतात, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. मग भाषा शिकले, सानिका झाली, एका गोदामात खोकी भरली, शाळेत दुपारच्या डब्याच्या वेळी मुलं सांभाळली. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये एका डिझाइनच्या ऑफिसात मुलाखत ठरली होती. त्याच आठवड्यात सगळा देश बंद झाला. (कार्निव्हलमध्ये आमचा हा ब्राबंट प्रांत गळ्यात गळे घालून नाचला होता, त्यामुळे आजार आधी आमच्याकडेच आला.) मुलाखत पुढे ढकलली म्हणाले, ती अजून पुढेच आहे.

गॅरेज दिलं तोननी. तोन म्हणजे आमचे शेजारी. ते म्युझिक स्कूलमध्ये ट्रॉम्बोन शिकवायचे, आता निवृत्त आहेत आणि एकटे राहतात. नजर कमी झाल्यावर त्यांनी स्वतःहून गाडी विकली आणि गॅरेज रिकामं पडलं. मी काम करायचे, ते कोरोनाच्या नियमाप्रमाणे बाहेर दीड मीटरवर घडीची खुर्ची टाकून बसायचे. एक कॉफी, एक बिस्किट. (माझ्यासाठीही एकच बिस्किट. डब्याचं झाकण लगेच बंद होतं, पण त्यात कंजुषी नसते, शिस्त असते, हे समजायला मला काही वर्षं लागली.) त्यांना यंत्रातलं काही कळत नाही. पण इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मान तिरकी करून म्हणाले, "जरा खालच्या सुरात आहे." मी प्लग तपासले. त्यातला एक खरंच पेटत नव्हता.

हिवाळाभर मी तारांचं जंजाळ सोडवत होते. सगळ्या जोडल्या आणि मोठ्या ऐटीत राकेशला दाखवायला बोलावलं. डावा सिग्नल दिला तर काचेवरचा वायपर हलला आणि ब्रेक दाबला तर हॉर्न वाजला. राकेश म्हणाला, "नागपुरात याला दोष म्हणत नाहीत, सोय म्हणतात." आम्ही खूप हसलो. मग इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं, त्यामुळे स्टीअरिंगचा दांडा कस्टम्समध्ये जाऊन बसला. कितीतरी आठवडे माझ्याकडे इंजिन होतं, चार चाकं होती, आरसेही होते, फक्त वळता येत नव्हतं. मी संध्याकाळी आत बसून नुसते गिअर बदलायचे. सानिका दारातून बघायची आणि डोकं हलवून म्हणायची, "मामा, दात कान निट." (डचमध्ये आईला मामा म्हणतात. माझ्या सख्ख्या भावाला हे अजून पटलेलं नाही.)

यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. एप्रिलमध्ये अण्णा गेले. माझे सासरे म्हणून सांगत नाही, पण रेडिओपासून पंख्यापर्यंत सगळं घरीच खोलून जोडणारा इतका हौशी माणूस मी दुसरा पाहिला नाही. नागपूरला बेड मिळाला तेव्हा उशीर झाला होता, आणि त्याच आठवड्यात भारतातून इकडे येणारी विमानं बंद झाली. राकेशने बॅग भरली, मग उघडली. सानिकाला आणि मला सोडून जावं तर परत कधी येता येईल ते कुणी सांगेना. शेवटी तो गेला नाही. त्याने वडिलांचा निरोप त्याच जेवणाच्या टेबलाशी बसून घेतला. त्याच लॅपटॉपवर. भन्तेजींचा आवाज मधूनमधून तुटत होता आणि आम्ही दोघं हात जोडून तो पुन्हा जोडला जायची वाट पाहत होतो. दुसऱ्या दिवशी त्याची बैठक होती आणि तो बसला. त्यानंतर तो कामाचं सगळं बोलायचा, बाकी काही नाही. जेवायला वाढलं की जेवायचा. रात्री विचारलं तर म्हणायचा, "मी ठीक आहे." मला कसं बोलतं करावं ते समजेना. मी गॅरेजमध्ये जायचे, कारण तिथे काय बिघडलंय ते निदान दिसतं तरी.

मे महिन्यात मी ब्रेकपाशी येऊन अडले. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढावी लागते, आत्या, नाहीतर पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबतच नाही. त्यासाठी एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून छोटा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे बाहेर आले की आवळायचा, मगच आतल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत आणि मुळापासून सुरुवात. तोनना दीड मीटरवरून पेडल दाबता येणार नव्हतं. मी घरात जाऊन राकेशला म्हणाले, "मला एक पाय हवा आहे." तो उठून आला. त्याला बरं वाटावं म्हणून मी बोलावलं असं तो आजही समजतो. तसं नव्हतं. मला खरंच पाय हवा होता.

"दाब."

"दाबलंय."

"धरून ठेव. हं, सोड."

शनिवारची सगळी दुपार आम्ही एवढंच बोललो. मी जमिनीवर, तो आत, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. तिसऱ्या चाकाशी होते तेव्हा वरून आवाज आला, "मीरा, शेवटच्या वेळी अण्णांनी मला ओळखलं असेल का गं? स्क्रीनवर?"

माझा स्क्रू उघडा होता. "पाय हलवू नकोस," मी म्हणाले. बुडबुडे गेले, आवळलं. "सोड. ओळखलं. तुझी दाढी वाढलीय म्हणाले होते."

"हो," तो म्हणाला. "म्हणाले होते." मी चाकाला टेकून बसून राहिले. बाहेर तोन खुर्ची घडी करून हळूच निघून गेले. मग राकेशने नाक पुसल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "चौथं राहिलंय ना? दाबू?"

तपासणीत गाडी पहिल्या वेळी नापास झाली. तपासनीस बाईंनी डॅशबोर्डखाली हात फिरवून एका बोल्टचं टोक धारदार असल्याचं सांगितलं. अपघातात गुडघ्याला लागेल म्हणाल्या. (जिल्हा परिषदेच्या रस्त्यांवर वाढलेल्या माझ्या गुडघ्यांना गहिवरून आलं.) मी ते घासलं आणि दुसऱ्या वेळी पास झाले. ऑगस्टमध्ये नंबरप्लेट आली आणि आम्ही दोघं निघालो. ओइर्स्कोटच्या बाजूला, मक्याच्या शेतांमधून. सानिकाला तोनकडे ठेवलं, कारण गाडीला दोनच सीट आहेत. आत्या, गाडी इतकी खाली आहे की शेजारून जाणाऱ्या कुत्र्याशी नजरानजर होते आणि बसचं चाक आपल्याहून उंच दिसतं. आराम म्हणाल तर बैलगाडीत जास्त. पण साठच्या वेगाला मला वाटायला लागलं की या वाऱ्यात मला धरून ठेवणारी एकूण एक वस्तू माझ्या ओळखीची आहे. पायाखालचा पत्रा मी कापला, पाठीमागचा पट्टा मी आवळला, वळणावर जी तार ताणली जाते ती कुठून कुठे जाते ते मी डोळे मिटून सांगेन. इतकी वर्षं या देशात मी दुसऱ्याच्या भरवशावर फिरले. त्या दिवशी पहिल्यांदाच माझा भार माझ्याच कामावर होता, आणि ते काम पेललं.

मध्येच पाऊस आला. टप नाही, म्हणून भिजलो. राकेश बोलायला लागला. बोलतच राहिला. हातवारे करून, एकदा हसून, एकदा डोळे पुसून. अण्णांबद्दल बोलत होता, ते तोंडावरून दिसत होतं. पण आत्या, वारा आणि इंजिन मिळून त्या गाडीत शब्दसुद्धा ऐकू येत नाही. मी रस्त्यावर नजर ठेवून मान डोलवत राहिले. घरी आल्यावर तो ओला चिंब, लाल डोळ्यांनी म्हणाला, "बरं झालं, तुला सगळं सांगून टाकलं." मी म्हणाले, "हो." त्याला परत विचारायचं का नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. बहुतेक नाही विचारणार. त्याचं बोलून झालंय. काही गोष्टींना ऐकणाऱ्यापेक्षा जागा जास्त लागत असेल.

दादांना आणि आईला जय भीम सांगा. गुडघ्याला तेल लावून घ्या, नुसतं लावलं म्हणून सांगू नका.

तुमची,
मीरा

ता. क. खरं काम राहिलंच. सासूबाई नागपूरला एकट्या आहेत आणि इकडे यायला तयार नाहीत. "मला तिथे काय कळणार" एवढंच म्हणतात. त्या राकेशचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच, पण तुमच्यापुढे अजूनही मुख्याध्यापिकेसमोर उभं राहावं तशा उभ्या राहतात. व्हिसा सुरू झाला की तुम्ही दोघी मिळून या. त्यांना सांगा की तुम्हाला गुडघ्यामुळे सोबत लागते. तुम्हाला सोबत लागते असं म्हणणं तुमच्या जिवावर येईल, हे मला ठाऊक आहे. तरी म्हणा.

आणखी ता. क. सासूबाईंपुढे बोलताना एक सांभाळा. गाडी राकेशने बांधली असं त्या समजतात. व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि अण्णा गेल्यावर पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "बापाचा हात आहे पोराच्या हातात." राकेश खरं सांगायला तोंड उघडत होता, मी टेबलाखालून त्याला चिमटा काढला. आता त्या नागपुरात सगळ्या कॉलनीला सांगत सुटल्या आहेत. सांगू देत. त्यांना ते हवं आहे, आणि मला त्याचं इतकं काही वाटत नाही. तरीपण आपल्या घरातल्या एका माणसाला तरी खरं माहीत असावं असं वाटत होतं. आणि ते माणूस तुम्हीच असावं असंही.

शेवटचं. आल्यावर त्या राकेशला म्हणतीलच, "चल, एक चक्कर मार मला घेऊन." तेव्हा तुम्ही काहीतरी करून विषय बदला. त्याच्याकडे लायसन नाही. तीनदा नापास झालाय.