खांदे सोडा

९ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तीनदा चहा मागितला, अशी तुझ्या वहिनीची तक्रार आहे.

माझ्या मानेला कशाने उतार पडला, असं विचारलंस. चाळीस वर्षं घड्याळांत डोकं खुपसून बसल्यावर मान पुढे येणारच. इथल्या फिजिओबाई आठवड्यातून दोनदा बोलावतात. पालथं झोपवून मानेच्या मुळाशी अंगठा रोवतात आणि गाठ सैल होईपर्यंत धरून ठेवतात. मग उताणं करून डोकं दोन्ही तळव्यांत घेतात, हळूच ओढतात. पहिल्या दिवशी देव आठवले. आता चक्क डोळा लागतो. तुझ्या तर हाताला मुंग्या येतात म्हणतेस. चालढकल करू नकोस, लगेच दाखव.

इथेच थांबणार होतो, पण राहवत नाही.

मंगळवारी मला शेक देऊन बाई पडद्यापलीकडे गेल्या. तिथे एक शाळकरी मुलगी होती. बाहेर बाकावर पाहिली होती मी तिला. चांगली उंच, पण खांदे आत ओढलेले. बाईंनी विचारलं, "कधीपासून वाकून चालतेस गं?"

"दादा सगळ्यांसमोर खांब म्हणतो ना, तेव्हापासून."

बाई माझ्याकडे परत आल्या. "काका, खांदे सोडा. मघाशी सैल होते की!"

सुटेनात.

मी तुला शिडी म्हणायचो. पाहुण्यांसमोर, गल्लीत, तुझ्या शाळेच्या फाटकाशीसुद्धा. सगळे हसायचे. तूही हसायचीस आणि मान खाली घालायचीस. फोटो काढताना तर तुझा खांदा दाबून मीच म्हणायचो, "जरा वाक." वर्षभरात तू पोक काढून चालायला लागलीस. आई तुलाच बोलायची, "सरळ चाल की गं!" आणि मी शेजारी उभा राहून साळसूदपणे ऐकायचो.

धाकटे, तुझी मान मी वाकवली. तू कधी चकार शब्द काढला नाहीस, त्याचंच आता जास्त लागतं. चुकलो मी. माफ कर. नाही केलंस तरी उपचार घे, माझ्यावरचा राग मानेवर काढू नकोस.

असं का वागायचो, ते मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. कुणाला सांगितलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. तुला सांगतो आणि सही करतो.

तुझा,
तुझ्याहून चार बोटं बुटका
दादा