तिसरा गिअर ठरत नाही

सोम., २ फेब्रु.
दिवे घाटात आज पुन्हा तिसरा निसटला. जेजुरीहून पत्र्याचं लोडिंग, ट्रक पूर्ण भरलेला. उतार लागला की गिअरचा दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. सगळा घाट डाव्या हाताने दांडा दाबून उतरलो, स्टिअरिंग एका हाताने. खाली आलो तेव्हा खांदा बधिर.
शेठना परत सांगितलं. "गिअरबॉक्स खोलला की गाडी उभी राहते. सांभाळून चालवा ना जरा."
सांभाळूनच चालवतोय. म्हणून तर सांगायला आलो.

मंगळ., ३ फेब्रु.
लोणी काळभोर. यार्डाबाहेर चहा. विषय निघालाच. तात्या आमच्यात सगळ्यांत जुने ड्रायव्हर. म्हणे, "गिअरला नावं ठिवू नका. आमच्या टायमाला प्रत्येक गिअरला दोनदा क्लच मारावा लागायचा. हात शिका आधी."
भगवान म्हणाला, "तात्या, तुमचा गिअर लागायला अवघड व्हता. ह्यो लागतो झक्कास, राहतच न्हाई."
एकाचा सल्ला, ट्यूबचा पट्टा कापून दांडा सीटला बांध. हसलो सगळे. माझी गाडी ज्याने ज्याने चालवलीय त्याला तिसऱ्याचं ठाऊक आहे.

शुक्र., ६ फेब्रु.
पोरीची बारावीची प्रॅक्टिकल. कर्वेनगरला सोडायचं म्हणून रजा घेतली. माझ्या गाडीवर भगवान गेला.
दुपारी फोन. घाटात. शेवटच्या वळणाखाली गाडी रिक्षाला धडकली. रिक्षावाला, आत एक बाई. भगवानचा पाय केबिनमध्ये अडकलेला.
मी गेलो असतो तर
नाही लिहवत.

शनि., ७ फेब्रु.
दवाखाना. दाराशी पोलीस. भगवान शुद्धीवर आहे. हळूच म्हणाला, "निसटला रे. परत टाकाया गेलो, घेईचना. स्पीड वाढत गेला. ब्रेकातनं धूर."
पेपरात आलंय, डिझेल वाचवायला चालकाने गाडी न्यूट्रल केली. दांडा न्यूट्रलला सापडला, झालं. माणसाने काढला की स्वतः निघाला, कोण विचारतो.
बाई वाचेल म्हणतात. रिक्षावाला बेशुद्ध. बाहेर त्याची आई बसली होती. तिच्यासमोरून जाता येईना, मागच्या जिन्याने उतरलो.

सोम., ९ फेब्रु.
शेठनी ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले. आजवर कधी म्हणाले नव्हते.
"तुम्ही गिअरचं काढलंत तर पोलीस विचारतील, माहीत होतं तर चालवत का होतात? तुम्हीही अडकाल. भगवानच्या घरचं मी बघतो. मुलगी हुशार आहे ना तुमची?"
मुलीचं नाव कशाला काढलं ते कळलं. उठून आलो.

मंगळ., १० फेब्रु.
यार्डावर एकेकाला गाठलं. चला, सगळे मिळून जबाब देऊ. कोणी फोनवर, कोणी टायर तपासायला लागला. तात्या म्हणाले, "ह्या वयात मला कोण ठिवून घेणार रं?"
घरी शोभावहिनी, भगवानची बायको. माझ्या बायकोजवळ, मंदाजवळ बसल्या होत्या. जाताना मला एवढंच, "भावजी, उडी मारता आली असती त्यांना. त्यांनी स्टेरिंग सोडलं न्हाई."
मंदा रडली. मला रडूही येत नाही.

गुरु., १२ फेब्रु.
जबाब दिला. एकट्याने. हवालदार लिहून घेता घेता म्हणाला, "नोकरी गेली समजा."
संध्याकाळी शेठचा फोन. उद्यापासून येऊ नका.
रिक्षावाला गेला. भगवानला अजून कोणी सांगितलेलं नाही.

सोम., १६ फेब्रु.
आरटीओचे साहेब गाडी तपासायला आले. पुढून चेपलीय, पण इंजिन सुरू होतंय. उभ्या गाडीत तिसरा टाकला. पडला. राहिला. शेठनी माझ्याकडे बघितलं.
पण साहेबच म्हणाले, "उभ्या गाडीत राहणारच तो. लोड टाकून घाटात उतरवावी लागेल. ब्रेक नीट करून घेऊ, रस्ता बंद ठेवू. पण उतरवणार कोण? मी माझ्या माणसाला सांगणार नाही."
मी पुढे झालो.
"मी नेतो."
"दांड्याला हात लावायचा नाही, चालेल?"
हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

बुध., १८ फेब्रु.
परवानगी आली. उद्या सकाळी.
मंदा आज भाकरी थापता थापता थांबली. "नाही निसटला तर भगवानभाऊजी तुरुंगात. निसटला तर तुम्ही त्या घाटात. मी कशासाठी हात जोडू, तेवढं सांगा."
तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी गॅस बंद केला.